बुवांचा फॉर्म भरताना

दरवर्षी २५ जानेवारीला संध्याकाळी पद्म पुरस्कारांची लिस्ट येते आणि मी ती शेवटच्या नावापर्यंत वाचतो, आधी महाराष्ट्र मग गोवा मग बाकीचे सगळे. गेली कित्येक वर्षं हे चालू आहे. पण मागच्या वर्षी मी स्वतः पहिल्यांदा एक फॉर्म भरला, आमच्या गावच्या मृदंगाच्या बुवांसाठी, आणि तेव्हापासून ही लिस्ट वाचताना डोक्यात वेगळंच काहीतरी चालू असतं. तेच लिहितोय, जरा लांब होईल.

आधी एक सांगतो कारण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नव्हतं. पद्मसाठी नाव कोणीही सुचवू शकतं. आमदार-खासदारांची शिफारस वगैरे काही लागत नाही, तुम्ही-आम्ही कोणीही राष्ट्रीय पुरस्काराच्या पोर्टलवर जाऊन फॉर्म भरायचा, अगदी स्वतःचं नावसुद्धा देता येतं. २०२५ साली मुदत ३१ जुलैपर्यंत होती. त्यात त्या माणसाच्या कामाबद्दल जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचं असतं.

मला वाटलं ८०० शब्द म्हणजे काय, बुवांवर मी ८००० लिहीन. आणि लिहायला बसलो तेव्हा कळलं की मला बुवांबद्दल काहीच माहीत नाही.

म्हणजे लहानपणी त्यांच्याकडेच शिकलो मी. कणीक मळून मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायची ती किती ओली हवी, ते त्यांनी माझा हात धरून शिकवलं. पण शिकवायला कधी सुरुवात केली, किती पोरं शिकली, बाहेर कुठं कुठं वाजवलं, यातलं एकही धड सांगता येईना. म्हणून गावी गेलो, वही घेऊन बसलो त्यांच्यापाशी. बुवांना सन आठवत नाहीत. त्यांची वर्षं दुष्काळावरून, विहिरीच्या पाण्यावरून आणि कुठल्या साली सप्ताह झाला नाही त्यावरून चालतात. म्हणाले, "दुष्काळात सुरू केलं बघ, सुकडी मिळायची तवा." म्हणजे १९७२ चा दुष्काळ. दिवसा रोजगाराच्या कामावर खडी फोडायची आणि रात्री मारुतीच्या देवळात पोरं घेऊन बसायचं, कारण पोरं उपाशी झोपत नाहीत, निदान हात चालू राहिला तर भूक विसरतील म्हणून. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो!! ज्या माणसाकडे मी ४ वर्षं रोज संध्याकाळी जात होतो त्याच्याबद्दल.

किती जण शिकले विचारलं तर बोटावर मोजायला लागले, पण आकडे नाही, घरं. वरच्या आळीतल्या अमक्याचे दोघं, वस्तीवरच्या तमक्याचे तिघं, पलीकडच्या गावातले ते भाऊभाऊ. अर्धा तास झाला तरी खालच्या आळीपर्यंत आले नव्हते. मधेच म्हणाले पोरीपण होत्या. त्या काळात गावात यावर कुरबूर झाली होती म्हणे, तर बुवांनी सांगितलं, "मृदंगाला काय कळतंय हात कुणाचा हाय ते." एक पैसा घेतला नाही कुणाकडून कधी.

आता याचा पुरावा काय लावायचा? सर्टिफिकेट नाही, कात्रण नाही. फोटो शोधले घराघरांत तर एक सापडला, सप्ताहातला. त्यात कीर्तनकार मधोमध, टाळकरी मागं ओळीनं, आणि कडेला बुवांचा फक्त उजवा हात आणि मृदंगाची शाई, म्हणजे तोंडावरचा तो काळा गोल. चेहरा फोटोच्या बाहेर. तो फोटो बघून मला खरंच रडू आलं.

तेव्हापासून लिस्टमधली नावं वाचताना मी एकच गोष्ट शोधतो, हे लिहून कोणी ठेवलं असेल? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, २०२२ ची पद्मश्री. विंचू चावून कोकणात माणसं मरायची, त्यांनी एकेका पेशंटची बारीक नोंद ठेवली, प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे दाखवलं, १९८२ पासून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं काम छापून यायला लागलं. ते स्वतः डॉक्टर, स्वतः लिहिणारे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांचंही तेच, काम आणि नोंद बरोबरच चालली. पण नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावठी वालाचं, भाज्यांचं, भाताचं बी त्यांनी घरात जपलं, आणि त्या कामाला बायफसारख्या ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या संस्थेची साथ मिळाली, बियाणं बँक उभी राहिली, नोंदी झाल्या, म्हणून २०२० ला पद्मश्रीपर्यंत ते पोचलं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंनी चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या टिकाव्यात म्हणून घरच्या गोठ्याचंच म्युझियम केलं, २०२१ ला सन्मान झाला. बाहुल्या तरी मांडून ठेवता येतात हो. मृदंगाचा बोल वाजला की संपला, तो गोठ्यात कसा मांडणार?

काही मित्र म्हणतात हे पुरस्कार हवेतच कशाला. हा वाद नवीन नाही, राज्यघटनेच्या १८ व्या कलमानं किताब बंद केले मग हे काय, असं संसदेतही विचारून झालंय. खासदार आचार्य कृपलानींनी १९६९ ला बंदीचं विधेयक आणलं होतं. जनता पक्षाच्या सरकारनं बंदच केले, १९७८ आणि ७९ ला पद्म नाहीत. पुढं सुप्रीम कोर्टानं १९९५ ला सांगितलं की हे किताब नाहीत, पण नावाच्या आधी किंवा नंतर लावायचे नाहीत. (पत्रिकेवर, बॅनरवर "पद्मश्री अमुक" छापणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, त्यात त्या माणसाचाच अवमान होतो असं मला वाटतं.) रोख रक्कम नाही, रेल्वेची सवलत नाही, राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, बस. तरी मला हे हवेत. कारण मोठ्या शहरातल्या नामांकित माणसाची नोंद दहा ठिकाणी होतेच, पण खडी फोडून आल्यावर पोरांना ठेका शिकवणाऱ्या माणसाची देशाच्या कागदावर नोंद व्हायला दुसरी जागा कुठली आहे, सांगा.

आणि उशीर. जंगलावर आयुष्यभर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींना पद्मश्री जाहीर झाली २०२५ च्या जानेवारीत, वय ९२, आणि जूनमध्ये ते गेले. सुलोचना चव्हाणांना २०२२ च्या जानेवारीत जाहीर झाली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या गेल्या. लावणी कधी गायलेली आणि सन्मान कधी! याचा राग सरकारवर काढणं सोपं आहे, मीही काढायचो. पण बुवांचा फॉर्म गेल्या ५० वर्षांत कोणीच भरला नव्हता, मी पण नाही, आणि पुण्यात नोकरीला लागून मला १८ वर्षं झाली. शिकलेले आम्हीच होतो ना त्या देवळातले. ही चूक माझी आहे आणि मी ती मान्य करतो.

यंदाच्या लिस्टमध्ये बुवांचं नाव नव्हतं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आरं जाऊ दे, तू दोन दिस येऊन बसला माझ्यापशी, लई झालं." मी काही जाऊ देणार नाहीये. फॉर्म परत भरतोय, आणि या वेळी नीट भरतोय.

तर गावची जी मंडळी हे वाचतायत त्यांना हात जोडून विनंती. तुमच्याकडे सप्ताहाचे, काकड्याचे, दिंडीचे जुने फोटो असतील तर मोबाईलवर काढून मला मेसेंजरवर पाठवा, बुवा कडेला अर्धे दिसत असले तरी चालतील. तुमच्या घरातलं कोण कोण आणि साधारण कुठल्या साली शिकलं ते कळवा, साल आठवत नसेल तर त्या साली गावात काय झालं होतं ते सांगा, मी जुळवतो. आणि ज्या मुली शिकल्या त्या आता सासरी आहेत, त्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत, तेवढे कोणीतरी मिळवून द्या. बुवांच्या वहीत खालची आळी अजून बाकी आहे, येत्या रविवारी गावी येतोय तेव्हा तिथून पुढं लिहून घेणार आहे.