दाबणाऱ्या बोटाचाच दोष का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील माझ्या मामांच्या खात्यातून गेल्या महिन्यात ४८ हजार रुपये गेले. ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती पत्रिका नसून एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल होती. फोनने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मामांनी होकार दिला, कारण प्रश्न इंग्रजीत होते आणि मामांचे शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत झाले आहे. त्यांतला एक होकार एसएमएस वाचण्याच्या परवानगीचा होता. तेव्हापासून बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ लागले. ज्यांच्या क्रमांकावरून पत्रिका आली त्यांच्या घरी लग्नच नव्हते, त्यांचाही फोन असाच ताब्यात गेला होता.

बँकेत मामांना एकच वाक्य ऐकावे लागले, "तुम्हीच दाबलंय ना?"

या वाक्याला माझी हरकत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अशा व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. न वाचता आलेल्या सूचनेला दिलेला होकार हा निष्काळजीपणा ठरतो का, याची चौकशी आधी व्हायला हवी होती. अँड्रॉइडमध्ये मराठी आहे आणि ती लावून द्यायला दुकानात दोन मिनिटे पुरतात, तरी फोन विकताना मामांना कोणी तसे विचारले नाही. आमच्या सीमाभागात शेताच्या उताऱ्यापासून सगळे सरकारी कागद कन्नडमध्ये असतात. त्यामुळे वाचण्यासाठी दुसऱ्यावर विसंबलेली वडीलधारी माणसे फोनही दुसऱ्याच्या हाती देतात आणि आलेला ओटीपीही वाचून दाखवतात. ही सवय त्यांनी हौसेने लावून घेतलेली नाही.

संगणकाचेही तसेच आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या पुरवणे, थांबवला. बेळगावच्या शहापूर, खडेबाजारात बिले करणारा दुकानदार धडधाकट चालणारा संगणक केवळ त्यासाठी बदलेल, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या सायबर रेझिलियन्स कायद्यानुसार डिसेंबर २०२७ पासून उत्पादकांना सर्वसाधारणपणे किमान ५ वर्षे सुरक्षा दुरुस्त्या पुरवाव्या लागतील. असे बंधन आपल्याकडेही हवे.

वापरणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही, असे मी म्हणत नाही. पैसे गेल्याचे दिसताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायला हवा होता. मामांनी मात्र दोन दिवस घरातही सांगितले नाही, आणि ४८ पैकी शेवटचे ११ हजार त्याच दोन दिवसांत गेले. का सांगितले नाही, असे मामींनी विचारले तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "सगळी मलाच बोलतील म्हणून." जे वाक्य त्यांना पुढे बँकेत ऐकावे लागले, त्याच्याच धास्तीने ते गप्प राहिले होते.

सोमवारी आम्ही परिपत्रकाची प्रत जोडून लेखी अर्ज दिला. घेणाऱ्याने तो तसाच बाजूला ठेवला. मामा पोच मिळेपर्यंत खिडकीपासून हलले नाहीत.