बशीतल्या पेशी आणि घरातला रुग्ण

दादा, शिंपल्याचा अर्क प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर कसा तपासतात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'बशीतल्या कॅन्सरच्या पेशी ब्लीचनंही मरतात, शिंपल्याच्या अर्काचं कौतुक कशाला? असलं वाचून आमच्या चुलत्यांनी शिंपल्याची पावडर मागवली,' असं तुम्ही लिहिलंय. शिवाय लातुरात बसून समुद्रातले जीव कशाला तपासायचे, हेही.

ब्लीचचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच या चाचणीत कॅन्सरच्या पेशी मारून भागत नाही. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, अर्क घालायचा, मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, मेलेल्यांचा खळगा पिवळाच राहतो. तुलनेसाठी काही खळग्यांत अर्काविना नुसतं द्रावक, म्हणजे अर्क ज्यात विरघळवतात ते, तर काहींत डॉक्सोरुबिसिनसारखं कॅन्सरवर वापरातलं औषध. आणि तोच अर्क निरोगी पेशींनाही द्यायचा. ब्लीचनं त्याही मरतील. कॅन्सरच्या पेशी ज्या मात्रेत मरतात तिच्या कितीतरी पट मात्रा निरोगी पेशींनी सोसली, तरच पुढं जायचं. हा आकडा नसेल तो शोधनिबंध मी विद्यार्थ्यांना बाजूला ठेवायला लावतो. शिंपले पाणी गाळून खातात, त्यांच्यात कॅडमियमसारखे जड धातू साठतात. पेशी त्यानंच मेल्या का, तेही तपासावं लागतं.

एवढं करून पुढची वाट लांबच. समुद्री ससा हा शिंपल्यांच्याच मृदुकाय कुळातला प्राणी. टनावारी गोळा करून त्यातून डोलास्टॅटिन 10 हे कॅन्सरच्या पेशी मारणारं रसायन मिळालं ते काही मिलिग्रॅम. त्याची रचना 1987 साली जाहीर झाली. रुग्णांना थेट दिलं तेव्हा ते फारसं उपयोगी पडलं नाही. मग त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेला रेणू अँटिबॉडीला, म्हणजे ठरावीक पेशींनाच चिकटणाऱ्या प्रथिनाला जोडला, म्हणजे तो नेमक्या पेशीपर्यंत पोचेल. ते औषध म्हणजे ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन. 2011 साली अमेरिकेत त्याला हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. मूळ पदार्थ समुद्री ससा नव्हे, तो खातो ते नीलहरित जिवाणू बनवतात, हेही नंतर कळलं. अशी औषधं होतात, म्हणून मी लिहितो.

लातूरचं म्हणाल तर वाळवलेला अर्क रत्नागिरीहून येतो, पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. अडत नाही.

पण चुलत्यांचं आधी बघा. ती पावडर आजच बंद करा. पुडा फेकू नका. पुढच्या तपासणीला सोबत न्या, डॉक्टरांसमोर ठेवा आणि किती दिवस घेतली ते नीट सांगा. केमो चालू असेल तर पुढच्या तारखेची वाटही बघू नका, फोन करा.