ल्यूटचा नाद ‘क्षणात विरतो’?

ल्यूट म्हणजे बोटांनी छेडायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य. ‘ल्यूटची तार छेडताच आवाज मरतो, ते वाद्यच तसं,’ असा दावा फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. जनावराच्या आतड्यापासून केलेली तात स्वतःच बरीच ऊर्जा शोषते. त्यात तबली (वाद्याची वरची लाकडी पाटी) जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड, त्यामुळे तारा जिला बांधलेल्या असतात त्या घोडीतून ऊर्जा झपाट्यानं निघून जाते: सुरुवातीला आवाज मोठा, मग लवकर क्षीण. वरच्या पट्टीत हे ठळक जाणवतं. खर्जाचं मात्र वेगळं. आज अनेकजण तिथे धातू गुंडाळलेल्या तारा लावतात. त्या इतक्या रेंगाळतात, की वादकाला त्या हातानं दाबून थांबवाव्या लागतात! अशा तारा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. त्याआधी खर्जालाही साधी तातच असे. थिऑर्बोच्या (लांब मानेच्या मोठ्या ल्यूटच्या) मीटरभराहून लांब खर्ज-तारा साध्या तातीच्या असूनही बऱ्यापैकी घुमतात.