एस्टीमच्या निवृत्तीवरील आक्षेपास उत्तर

स. न. वि. वि.

‘आमची एस्टीम यापुढे शर्यतीत उतरणार नाही’ या आमच्या जुन्या मारुती मोटारीवरच्या माझ्या लेखावर आपण निपाणीहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, इंजिन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पुन्हा बांधता येते, त्यामुळे केवळ वय झाले म्हणून गाडी बाजूला काढणे म्हणजे शर्यती जिंकून देणारा बैल थकताच त्याला बाजार दाखवणे होय. शिवाय खर्चाचे आकडे मी लेखात टाळले. आकड्यांचा आक्षेप मला मान्य आहे. बैलाची उपमा मात्र लागली, कारण गाडी मी विकायला काढलेली नाही.

इंजिनाबाबत आपल्यात मतभेदच नाही. या 1298 सीसी इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतील व्यास, 74 मिलिमीटरचा. मागच्या खेपेस तो 0.50 मिलिमीटरने वाढवून मोठे पिस्टन घातले होते. आता चारपैकी तीन सिलिंडरांत दाब दर चौरस सेंटिमीटरला 13 किलोच्या आसपास भरतो आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरात 10 वर अडकतो. लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसणारी नळी, घालून ब्लॉक मूळ मापावर आणणे हे लेथ आणि ओतकामावर वाढलेल्या आपल्या शहराला अवघड नाही. लेखात इंजिनावरच तीन परिच्छेद खर्ची घातल्यामुळे निर्णयाचे कारण तेच असावे असा आपला समज झाला असेल, तर तो दोष माझ्या मांडणीचा.

खरे कारण गाडीच्या तळाच्या पत्र्यात आहे. आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे रोल केजची, म्हणजे गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणाऱ्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची, मुख्य कमान किमान 45 मिलिमीटर व्यासाच्या आणि 2.5 मिलिमीटर जाडीच्या, किंवा 50 व्यासाच्या आणि 2 मिलिमीटर जाडीच्या, बिनजोड पोलादी नळीची असावी लागते आणि तिचा पाय बॉडीला वेल्ड केलेल्या, किमान 3 मिलिमीटर जाड व 120 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या पट्टीवर टेकवावा लागतो. आमची नळी आणि पट्टी दोन्ही मापात बसतात. पण पट्टी ज्या फरशीला वेल्ड केली आहे तो पत्राच खालून सडला असेल, तर गाडी उलटताना कमान शाबूत राहूनही पायासकट खाली घुसते. डावीकडची रबरी चटई उचलून मी हातोडीने ठोकून पाहिले, तेव्हा पट्टीच्या कडेला खणखणीत आवाजाऐवजी भदभद असा आवाज आला आणि स्क्रूड्रायव्हर सहज आरपार गेला. यात चूक माझीच आहे: दोन पावसाळे गाडी गळक्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, आणि आपल्याकडचा पावसाळा कसा असतो हे आपणास सांगायला नको.

आपण म्हणाल, टिंकरकडून तेवढा तुकडा कापून नवा लावावा. पुढच्या डाव्या स्ट्रट टॉवरवर, म्हणजे सस्पेन्शनचा वरचा भाग जिथे बॉडीला टेकतो त्या पत्र्यावर, हा प्रयोग झाला आहे. तिथली भेग वेल्ड करून वर पट्टी मारली. एका हंगामानंतर नवी भेग वेल्डच्या शेजारी, उष्णतेने बदललेल्या पट्ट्यातच उघडली. लाल मातीच्या खड्ड्यांतून वर्षानुवर्षे हादरे खाल्लेल्या पातळ पत्र्यात ताण असा जागा बदलत राहतो, आणि त्यात गंजाचे खळगे असले की अगदी लहान हादऱ्यांनीही भेग वाढत जाते. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या छोट्या मार्गावरील वेळेच्या शर्यतीत, वेग सहसा ताशी 80 किलोमीटरच्या वर जात नाही, हा आपला मुद्दा बरोबर आहे. परंतु आडव्या घसरलेल्या गाडीचे चाक चाकोरीत अडकले, तर उलटायला 40 चा वेगही पुरतो.

दुसऱ्या एस्टीमची चांगली बॉडी शोधून त्यात सर्व सामान हलवावे, ही आपली सूचना सर्वांत विचार करण्यासारखी आहे, आणि मी दोन महिने त्यामागे घालवले. या मोटारीचे उत्पादन 2007 मध्ये थांबले, म्हणजे सर्वांत तरुण बॉडीसुद्धा जुनीच. चिकोडीकडे पाहिलेल्या एकीची डिकी सीएनजी टाकीच्या बैठकीखाली कुजली होती, तर खानापूरची बरी होती, पण मालकाला कागदपत्रे सापडेनात. आता टाळलेले आकडे: इंजिनाला मजुरीसह सुमारे 55 हजार, बॉडी आणि पत्राकामाला 80 हजार, आणि रोल केज नव्यानेच करावा लागेल, कारण एका बॉडीतून कापलेला केज दुसरीत जोडून त्यावर डोके टेकवण्याची माझी तयारी नाही. त्याचा अंदाज सव्वा लाखाच्या पुढे जातो. शिवाय आमच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांची पाच वर्षांची मुदतही संपली आहे. एवढे करून जी गाडी उभी राहील, तिच्यात जुन्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टीअरिंग एवढेच उरेल. मग तो पैसा तुलनेने नव्या स्विफ्टमध्ये का घालू नये, याचे पटणारे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

गाडी शेडमध्येच राहील. शेडचे पत्रे मी गेल्या महिन्यात बदलून घेतले. इंजिन उतरवून ते भाच्याला खोलायला आणि जोडायला शिकवायचे ठरले आहे. आपण बेळगावला आलात, तर अवश्य यावे. चटई मी मुद्दाम परत अंथरलेली नाही. हातोडी घेऊन आपण स्वतःच ठोकून पाहावे, आणि माझा कान चुकला असे वाटले तर तसे जरूर सांगावे.

आपला स्नेहांकित