रेषा लहान-मोठ्या दिसल्या म्हणून डोळे अधू ठरत नाहीत

सोलापुरातल्या आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एक चित्र फिरतंय. सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेषा. एकीच्या टोकांना बाणासारखी आत वळलेली पाती, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली. खाली लिहिलंय: ‘दोन्ही सारख्या दिसल्या तर बुद्धी तल्लख. लहान-मोठ्या दिसल्या तर मोबाइलमुळे डोळे अधू झालेत. रोज सराव करा, दोष जाईल.’ हे वाचून सातवीतला एक मुलगा भूमितीच्या तासानंतर रडवेला होऊन माझ्याकडे आला. म्हणून लिहिते आहे.

मोबाइलचा इथे संबंधच नाही. जर्मनीच्या म्युलर-लायर यांनी हे चित्र १८८९ साली मांडलं.

डोळे अधू? नंबर असला की रेषा धूसर दिसते. इथे ती स्वच्छ दिसते, चुकतो तो लांबीचा अंदाज. जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या ८ ते १६ वर्षांच्या ९ भारतीय मुलांना शस्त्रक्रियेनंतर दिसू लागताच मेंदू-संशोधक पवन सिन्हांच्या गटाने अशी चित्रं दाखवली. जग नुकतंच पाहू लागलेली ती मुलंही तशीच फसली. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं.

कोनांचंही असंच आहे, आणि ते आपल्या चादरींच्या गावाला जवळचं वाटेल. समांतर रेषांवर आखूड तिरक्या रेघा मारल्या, की त्या रेषा एकमेकींकडे झुकल्यासारख्या दिसतात. खगोलशास्त्रज्ञ त्सोल्नर यांना हे कापडावरच्या नक्षीत दिसलं. १८६० साली त्यांनी ते छापलं. माझे वडील चादरीच्या कारखान्यात होते. तिरप्या नक्षीजवळचा पट्टा वाकडा वाटला, तर ते आधी पट्टी लावून बघत, मगच मागाला दोष देत. त्यांच्या नजरेवर अख्ख्या खात्याचा भरवसा होता, तरी पट्टी खिशात असायचीच.

बुद्धीचं म्हणाल, तर १८९८ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर ब्रिटिश संशोधक रिव्हर्स यांना तिथले लोक म्युलर-लायर यांच्या चित्राला इंग्रजांपेक्षा कमी फसताना आढळले. माणसामाणसांत फरक पडतो, तो का पडतो यावर अजून वाद आहे. पण म्हणून ही बुद्धीची परीक्षा होत नाही.

सरावाबद्दल मात्र थोडं तथ्य आहे. पुन्हा पुन्हा पाहून भास कमी होतो. पण जो दोषच नाही, तो घालवायला मुलांना रोज कशाला बसवायचं? मुलाला फळ्यावरचं वाचता येत नसेल, तर डोळे जरूर तपासून घ्या. या चित्रावरून मात्र काही ठरवू नका.

त्या मुलाला मी पट्टी दिली. दोन्ही रेषा सहा-सहा सेंटिमीटर भरल्या. पट्टी उचलली, तर एक पुन्हा लांब.

“बाई, तुम्हालापण?”

“मलापण.”

मग तो वर्गातल्या बाकीच्यांना विचारायला पळाला.