अंगकाठी बघून प्रकार ठरवू नका

"मुलाची अंगकाठी पाहिली की त्याचा मैदानी प्रकार ठरवता येतो", हे मैदानी खेळांवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. तेराव्या वर्षी माझी उंची बघून सरांनी मला थेट उंच उडीला लावलं. दोन वर्षं मी बार पाडत राहिले आणि मैदानी खेळ आपल्यासाठी नाहीतच, असं धरून चालले. मग एकदा थाळीफेकीच्या सरावाला थाळ्या वेचून आणायला मला पाठवलं. परत देताना एक उभ्यानेच फेकून बघितली. पहिल्या चार-पाच नुसत्या फडफडत पडल्या. तिथल्या एका ताईने माझा हात धरून दाखवलं, थाळी मुठीत आवळायची नाही, बोटांच्या शेवटच्या पेरांवर टेकवायची आणि सोडताना ती तर्जनीवरून निसटली पाहिजे. पुढची थाळी गरगरत, सपाट गेली. ते निसटणं आजही बोटाला आठवतं.

मुलींची थाळी १ किलोची, जिथून फेकायची ते वर्तुळ २.५ मीटर व्यासाचं. तेवढ्या जागेत दीड गिरकी घ्यायची तर ताकदीआधी ताल लागतो, तोल लागतो. माझे लांब हात इथे कामी आले हे खरं, पण उंची दोन्ही प्रकारांत चालते. मूल कुठे रमेल ते तिच्यावरून कसं कळणार? निदान पहिला एक हंगाम तरी प्रत्येक मुलाच्या हातात थाळी, गोळा, भाला द्या, उड्याही मारू द्या. आणि सराव संपल्यावरही कोण कशापाशी घुटमळतंय, तिकडे नीट लक्ष ठेवा.