शेंगदाण्याची ॲलर्जी "फॉरेनची थेरं" नाहीत, त्या फॉरवर्डला माझं उत्तर

महिन्याभरात हा मेसेज मला चार जणांनी पाठवला. त्यात थोडक्यात असं लिहिलंय की आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर दाण्याचं कूट घातलेल्या भाज्या खाल्ल्या, कुणाला काही झालं नाही, ॲलर्जी हा फॉरेनचा आजार, पाकिटावर ॲलर्जनची (म्हणजे ज्यानं ॲलर्जी होते त्या घटकांची) ओळ छापायला लावून गृहउद्योग मारायचे चाललेत, घाण्याचं तेल वापरा आणि पोराला रोज एकेक दाणा द्या, आपोआप सवय होते. माझा भाचा सात वर्षांचा आहे आणि त्याला दाण्याची ॲलर्जी आहे, त्यामुळे हे वाचून मला गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेते.

"भारतात ॲलर्जी नसतेच." कमी आहे हे खरंय, ते मी नाकारत नाही. कर्नाटकात शाळकरी मुलांचा मोठा अभ्यास झाला त्यात खाण्याची ॲलर्जी साधारण 0.14 टक्के निघाली, हाँगकाँगला त्याच अभ्यासात दीड टक्का. पण कर्नाटकातल्याच मोठ्या माणसांमध्ये 1.2 टक्के निघाली, म्हणजे शंभरात एक, एवढ्या माणसांच्या देशात ही काय थोडी माणसं झाली का? आणि आपली ॲलर्जी फक्त दाण्याचीच असते असंही नाही, मुंबईच्या डॉक्टरांनी 2001 मध्येच हरभऱ्याच्या ॲलर्जीवर पेपर लिहिलाय, म्हणजे आपलं बेसन. पूर्वी एखादं मूल जेवता जेवता सुजलं, श्वास कोंडून गेलं तर त्याला ॲलर्जी म्हणणारं गावात होतं कोण? (हो, आणि त्या कर्नाटकातल्या मुलांपैकी 19 टक्क्यांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या खाण्याची टेस्ट पॉझिटिव्ह होती. म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह येणं वेगळं आणि खाल्ल्यावर त्रास होणं वेगळं, एकदम बऱ्याच पदार्थांची टेस्ट करतात त्या पॅनलच्या नुसत्या रिपोर्टवरून मुलांचं दूध-गहू बंद करू नका.)

"डॉक्टरांनीच दाणे बंद करून ॲलर्जी वाढवली." यात अर्धं खरंय आणि म्हणूनच ते घातक आहे. अमेरिकेत 2000 साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं होतं आणि तो सल्ला 2008 मध्ये मागे घ्यावा लागला. मग लंडनच्या संशोधकांच्या लक्षात आलं की तिथल्या ज्यू मुलांमध्ये दाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या मुलांच्या दहापट आहे, आणि इस्राएलमध्ये बाळं लहानपणापासूनच दाण्याचे कुरकुरे खातात. त्यावरून त्यांनी 4 ते 11 महिन्यांची, जास्त एक्झिमा (अंगावर खाजरे चट्टे) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळं घेतली, निम्म्यांना दाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत दिलेच नाहीत. 2015 मध्ये निकाल आला, न दिलेल्यांत 17.2 टक्क्यांना ॲलर्जी, दिलेल्यांत 3.2 टक्क्यांना. म्हणजे लवकर द्या हे बरोबरच आहे.

पण हे ॲलर्जी व्हायच्या आधीचं झालं. ज्या बाळांच्या स्किन टेस्टला (कातडीवर दाण्याचा अर्क टोचून बघतात ती) मोठी गाठ आली त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. आणि फॉरवर्ड सांगतोय काय, तर ॲलर्जी झालेल्या पोराला घरी रोज एक दाणा द्या. एका दाण्यात साधारण 250 ते 300 मिलिग्रॅम प्रोटीन असतं. अमेरिकेत 2020 मध्ये दाण्याच्या ॲलर्जीवर जे औषध मंजूर झालं ते अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरू करतात, तेही डॉक्टरच्या समोर, आणि महिनोन् महिने वाढवत 300 पर्यंत नेतात. म्हणजे जिथे पोचायला डॉक्टर महिने घेतात तिथून तुम्ही पहिल्या दिवशी सुरुवात करताय! शिवाय बाळाला आख्खा दाणा द्यायचाच नसतो, घशात अडकतो, एकदम बारीक करून पातळ द्यायचा असतो.

"लेबलनं गृहउद्योग मरतील." एफएसएसएआयच्या (खाण्याच्या मालाचे नियम करणारी सरकारी संस्था) 2020 च्या नियमात जे आहे ते पॅक केलेल्या मालासाठी आहे, आणि काय छापायचंय तर एक ओळ, यात दूध आहे, गहू आहे, शेंगदाणा आहे. लेबल तसंही छापताच ना. हॉटेलांच्या मेनूवरचा नियम दहा किंवा जास्त शाखावाल्यांना आणि सेंट्रल म्हणजे केंद्राच्या लायसन्सवाल्यांना आहे, कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याला नाही. माझी तक्रार तर उलटी आहे, यादी अपुरी आहे. त्यात ग्लूटेनची धान्यं (गहू वगैरे), कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट (पदार्थ टिकायला घालतात ते) एवढंच आहे. तीळ नाही, मोहरी नाही, बेसन नाही. युरोपच्या यादीत तीळ-मोहरी दोन्ही आहेत, अमेरिकेनं 2023 पासून तीळ घेतला, आणि संक्रांतीला गावभर तिळगूळ वाटणारे आपण, आपल्याच यादीत तीळ नाही.

"घाण्याचं तेल शुद्ध, त्यानं ॲलर्जी होत नाही." नेमकं उलटं. रिफाइंड तेलातून प्रोटीन जवळजवळ सगळं निघून जातं, घाण्याच्या तेलात उरतं, आणि ॲलर्जी होते ती प्रोटीनची. ज्याला त्रास नाही त्यानं घाण्याचं खुशाल खा, आम्हीही पूर्वी खायचो.

शेवटी लिहिलंय की त्रास झाला तर सिट्रिझिन (ॲलर्जीवरची साधी गोळी) द्या आणि झोपवा. सिट्रिझिननं पित्त उठलेलं, खाज, एवढं कमी होतं. श्वास लागला, आवाज बसला, सारखी उलटी व्हायला लागली, मूल एकदम मलूल पडलं तर लागतं ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, आणि ते लगेच. साधं, स्वस्त इंजेक्शन आहे, गोळी देऊन घरी झोपवून ठेवू नका, मुलाला लगेच जवळच्या हॉस्पिटलला न्या आणि बरं वाटलं तरी काही तास तिथंच थांबा, कारण त्रास परत उलटू शकतो.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांना हात जोडून सांगते, बाकी काही पटो न पटो, एकेक दाण्याची आणि सिट्रिझिनची ती दोन वाक्यं चुकीची आहेत एवढं तरी त्याच ग्रुपवर आज लिहा.